नव्या लॉनचे पहिले दोन महिने

नगर-मनमाड रस्त्याने राहात्याहून शिर्डीकडे निघाले की दोन्ही अंगांना हॉटेले, मंगल कार्यालये आणि पेरूच्या बागांना लागून उभे राहिलेले नवे बंगले दिसतात. यातल्या बऱ्याच जणांच्या पुढ्यात आता हिरवळ असते. पूर्वी हरळीच्या काड्या खोचून ती वाढवत. आता तयार लॉनचे तुकडे पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या उरुळी कांचन परिसरातील रोपवाटिकांमधून टेम्पोने येतात. सकाळी गाडी उतरते, संध्याकाळपर्यंत अंगण हिरवे होते आणि घरातल्यांना वाटते, काम संपले. प्रत्यक्षात त्या संध्याकाळी अंगणात असते ते मुळे तोडलेले गवत, खाली जेमतेम इंचभर माती असलेले. ते तुमच्या जमिनीला धरेल की तिच्यावर नुसते पडून सुकेल, हे पुढच्या दोन महिन्यांत ठरते. आपल्या भागात काळी जमीन, भाजणारा उन्हाळा आणि मोजके पाणी या तिन्ही गोष्टी लॉनच्या विरोधात जातात, म्हणून पुस्तकी वेळापत्रक जसेच्या तसे इथे चालत नाही.

पहिला प्रश्न मुहूर्ताचा. वास्तुशांत अक्षय्य तृतीयेला ठरलेली असते आणि त्याच्या चार दिवस आधी लॉन टाकायचे असते. एप्रिल-मे महिन्यात राहात्यात पारा चाळिशी ओलांडतो, विहिरी तळाला गेलेल्या असतात आणि कालव्याच्या पुढच्या आवर्तनाची तारीख लोक एकमेकांना विचारत असतात. मुळे नसलेल्या गवताला याहून वाईट वेळ नाही. त्यावर पाहुण्यांचा राबता झाला की उरलीसुरली आशाही जाते. आपल्याकडे सर्वांत चांगला काळ म्हणजे जूनचा पहिला जोर ओसरल्यावर ते ऑगस्टअखेरपर्यंतचा. दुसरा पर्याय फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा, थंडी मोडल्यावर. पण तोही मे महिन्यापर्यंत पाणी पुरेल अशी खात्री असेल तरच. डिसेंबर-जानेवारी टाळावा. थंडीत रात्रीचा पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा ही उष्ण हवामानाची गवते वाढ थांबवतात आणि महिना महिना नवी मुळे सोडत नाहीत. समारंभ उन्हाळ्यातच असेल तर लॉन आदल्या पावसाळ्यात लावून घ्या, नाहीतर समारंभ झाल्यावर पावसाळ्यात लावा. मधला मार्ग काढू नये.

गवत कोणते, हा दुसरा निर्णय. ‘सिलेक्शन वन’ नावाने मिळणारे गवत आपल्या हरळीच्याच जातकुळीतले आहे. त्याला दिवसभर ऊन लागते, पण पाण्याचा ताण ते बऱ्यापैकी सोसते आणि तुडवले तरी पुन्हा फुटते. मेक्सिकन किंवा कोरियन म्हणून विकली जाणारी गवते बहुधा झॉयसिया वर्गातली असतात. ती दाट, मऊ आणि दिसायला सुरेख असतात, हळू वाढतात, म्हणजे कापणी कमी लागते. पण एकदा जळालेली जागा भरून यायला त्यांना फार वेळ लागतो. राहात्याच्या उन्हात मोकळ्या अंगणासाठी माझे मत सिलेक्शन वनच्या बाजूने आहे. आंब्याच्या किंवा चिंचेच्या गर्द सावलीत मात्र कोणतेच लॉन लावू नका. तिथे पारावर फरशी किंवा वाळू बरी दिसते.

जमिनीची तयारी लॉन येण्याआधी पंधरा-वीस दिवस व्हायला हवी. नव्या बंगल्याभोवतीची जमीन ही शेतजमीन राहिलेली नसते. तिच्यात खडी, सिमेंटचा राडारोडा, चुना, तुटक्या विटा आणि वरून दाबलेला मुरूम असतो. पुढे वर्षभर गवताचा जो पट्टा पिवळा राहतो, तो उकरून पाहिला तर खाली बहुतेक वेळा मिस्त्रीने ओतलेला माल निघतो. सहा ते आठ इंच खोल खणून हे सगळे बाहेर काढा. मग पाणी देऊन आठ-दहा दिवस थांबा, म्हणजे लव्हाळा, कुंदा आणि काँग्रेस गवत उगवून येईल आणि गाठीसकट काढता येईल. लव्हाळ्याची गाठ एकदा लॉनखाली राहिली की तिचा अणकुचीदार कोंब तुकडा भेदून वर येतो आणि नंतर तिला खणून काढायचे तर लॉनच फाडावे लागते. या एका कामात घाई केली तर पुढे कितीही खर्च केला तरी ते भरून निघत नाही.

काळ्या मातीत थोडीशी वाळू मिसळून ती भुसभुशीत होत नाही; उलट कधी कधी ती अधिक घट्ट बसते. खरा उपयोग सेंद्रिय खताचा. चांगले कुजलेले, चाळलेले शेणखत किंवा कंपोस्ट दोन इंच पसरून वरच्या पाच-सहा इंचांत मिसळावे. आपल्या आसपास साखर कारखान्यांमुळे प्रेसमड सहज मिळतो, पण तो ताजा वापरू नये. कुजताना तो तापतो आणि कोवळ्या मुळांना भाजतो. सहा महिने मुरलेला, काळसर, वास गेलेला असेल तरच घ्यावा. लेंडीखत कसदार असते, मात्र अर्धवट कुजलेल्या लेंडीतून बाभळीपासून तांदुळज्यापर्यंत सगळे बी अंगणात येते. जमीन सपाट करताना घरापासून बाहेरच्या बाजूला शंभर फुटांना एक ते दोन फूट एवढा उतार ठेवा. काळ्या मातीत पाणी साचले तर मुळे दोन-तीन दिवसांत गुदमरतात.

तुकडे खणल्यापासून २४ तासांच्या आत जमिनीवर गेले पाहिजेत. गुंडाळलेल्या रोलच्या पोटात उष्णता साठते. टेम्पो दुपारी पोहोचला तर हात आत घालून पाहा. आतले गवत गरम लागले आणि पाती पिवळट, वास आंबूस असेल तर तो माल परत पाठवण्यात संकोच करू नका. जमीन आदल्या दिवशी भिजवून ठेवलेली असावी. तापलेल्या कोरड्या मातीवर तुकडा ठेवला की खालची इंचभर माती तासाभरात सुकते. विटांच्या बांधकामात सांधे मोडतात तसे इथेही मोडावेत, कडेला कड घट्ट भिडवावी, पण एकावर एक चढवू नये. फटी राहिल्या तर तुकडे ताणून भरू नयेत. चाळलेली माती आणि कंपोस्ट भरावे. नंतर हलका रोलर किंवा लाकडी फळी आणि धुमस फिरवून सगळे दाबून घ्यावे. गवताची मुळे आणि खालची माती यांच्यात हवेची पोकळी राहिली की तिथले मूळ वाळलेच म्हणून समजा. सगळे लॉन अंथरून होईपर्यंत पाण्यासाठी थांबू नये. जेवढा भाग झाला तेवढ्यावर लगेच पाणी सोडावे.

आता पाण्याविषयी सविस्तर. पहिले पाणी एवढे द्यायचे की तुकड्याची माती भिजून खालची काळी माती चार इंचांपर्यंत ओली होईल. पहिले दहा ते चौदा दिवस तुकडा आणि खालची माती यांच्यामधली जागा कधीच कोरडी पडू द्यायची नाही. पावसाळ्यात उघडीप असेल तर दिवसातून एकदा पुरते, फेब्रुवारी-मार्चमध्ये दोनदा, उन्हाळ्यातच लावले असेल तर सकाळी, दुपारी आणि चारच्या सुमारास असे थोडे थोडे तीनदा. पण घड्याळापेक्षा बोटांवर विश्वास ठेवा. लॉनचा एक कोपरा अलगद उचला. रोपवाटिकेतून आलेली माती बहुतेकदा लालसर, हलकी असते आणि आपली जमीन काळी, भारी. वरचा थर लवकर सुकतो, खालचा पाणी धरून बसतो. त्यामुळे नुसते वरून पाहिले तर फसगत होते: पाती सुकलेली दिसतात म्हणून आपण पाणी सोडतो आणि खाली चिखल झालेला असतो. खालच्या काळ्या मातीला बोट लावा. ती बोटाला गार लागली, थोडी चिकटली, पण दाबल्यावर पाणी सुटले नाही, तर ओल बरोबर आहे. बोट बरबटले तर पुढची एक पाळी सोडा. पाचव्या-सहाव्या दिवसापासून त्याच कोपऱ्याच्या खालच्या बाजूला पांढरी, दोऱ्याइतकी बारीक मुळे दिसू लागतात. ती दिसली की लॉन धरू लागले.

लॉनला तहान लागली की ते आधी सांगते. पात्यांचा हिरवा रंग निळसर-राखाडी होतो आणि चालून गेल्यावर पावलांचे ठसे बराच वेळ उमटलेले राहतात. ही खूण दिसल्यावर त्याच दिवशी पाणी द्या. पाती गुंडाळून पिवळी पडेपर्यंत वाट पाहू नका. सर्वांत आधी सुकतात त्या कडा. शहाबादी फरशी, पेव्हर ब्लॉक आणि दक्षिणेकडच्या भिंतीलगतची वीतभर पट्टी उन्हाने इतकी तापते की तिथे फवारा पुरत नाही. तिथे हाताने, पाइपला झारीचे तोंड लावून पाणी घालावे.

दोन आठवड्यांनी तुकडा दोन्ही हातांनी हलकेच ओढून पाहा. तो उचलला गेला नाही, जमिनीने खेचून धरल्यासारखे वाटले, की पाण्याची सवय बदलायची. रोजचे थोडे पाणी बंद करून एक दिवसाआड, मग दोन-तीन दिवसांनी, पण प्रत्येक वेळी चार ते सहा इंच खोल भिजेल असे. लांब स्क्रू-ड्रायव्हर जमिनीत खुपसून पाहिला तर ओल कुठवर गेली ते लगेच कळते. बहुतेक लॉन पहिल्या पंधरवड्यात जगते आणि इथेच बिघडते, कारण माळ्याच्या हाताला रोज पाइप धरायची सवय लागलेली असते. रोज वरवर पाणी मिळणाऱ्या गवताची मुळे वरच्या दोन इंचांतच राहतात. मे महिन्यात पाणी एक दिवस चुकले की असे लॉन जळते. खोल पाणी आणि मध्ये अंतर, याने मुळे खाली उतरतात.

नव्या लॉनला पाणी घालणारा माणूस शक्यतो एकच असावा. साईबाबांनी शिर्डीत फुलझाडांची बाग केली तेव्हा रोपे राहात्याहूनच नेली होती आणि कच्च्या घागरींनी पाणी ते स्वतःच्या हाताने घालत, अशी नोंद साईसच्चरितात आहे. रोज एकाच हाताने पाणी पडले की कोणता कोपरा लवकर सुकतो, कुठे पाणी तुंबते, हे त्या हाताला आपोआप समजते. आज मालक, उद्या वॉचमन, परवा शेजारचा मुलगा अशी पाळी लावली की एका भागाला दोनदा पाणी जाते आणि दुसरा उपाशी राहतो.

वेळ पहाटेची. वस्तीवरच्या बंगल्यांना यात अडचण येते, कारण शेतीपंपाची वीज अनेकदा रात्रपाळीची असते आणि मोटर चालू आहे तोवर लॉनही भिजवून घेतले जाते. रात्रभर ओली राहिलेली पाती बुरशीला आमंत्रण देतात, विशेषतः ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट हवेत. रात्री टाकी भरून ठेवा आणि लॉनला पाणी सूर्योदयाच्या सुमारास द्या. तपकिरी गोल चट्टे पडू लागले तर आधी पाणी कमी करा, युरिया थांबवा. बुरशीनाशकाची वेळ त्यानंतर.

पाणी किती, हा हिशेब लॉन मागवण्याआधी मांडा. एक मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. १००० चौरस फूट म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. आपल्याकडच्या मे महिन्यात लॉनला दिवसाला साधारण सहा मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तरी १००० फुटांना रोज साडेपाचशे लिटरांहून अधिक झाले. म्हणजे गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीतली अर्धी टाकी. मंगल कार्यालयाचे १०,००० फुटांचे लॉन रोज जवळजवळ ५५०० लिटर पिते, म्हणजे ५००० लिटरचा एक टँकर तिथेच संपतो. राहाता तालुक्यात वर्षाचा पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास. गोदावरीचे कालवे, भंडारदऱ्याचे पाणी आणि आता निळवंड्याचे कालवे यांनी भाग हिरवा ठेवला असला, तरी आवर्तनावर पहिला हक्क पिकांचा आहे. म्हणून माझा आग्रह असा की बंगल्यापुढे ४००-५०० फूट लॉन ठेवावे आणि ते नीट सांभाळावे. उरलेल्या जागेत पेरू, सीताफळ, कण्हेर, जास्वंद लावावी.

पाण्याच्या प्रमाणाइतकीच त्याची जात महत्त्वाची. कालव्याच्या लाभक्षेत्रात वर्षानुवर्षे पाणी मुरून काही जमिनी खारवट, चोपण झाल्या आहेत, आणि तिथल्या बोअरचे पाणी जड असते. लॉनखालच्या मातीवर पांढरट पापुद्रा दिसला, नळाच्या तोटीवर क्षार साचत असले, तर माती आणि पाणी दोन्ही तपासून घ्या. बाभळेश्वरचे कृषी विज्ञान केंद्र हाकेच्या अंतरावर आहे; तिथे चौकशी करावी. चोपण जमिनीत जिप्सम लागते, पण किती, ते अहवाल पाहूनच. अंदाजाने पोती ओतू नयेत. खारे पाणी थोडे थोडे रोज देणे सर्वांत वाईट, कारण पाणी उडून जाते आणि क्षार मुळांशी राहतात. तेच पाणी अंतराने आणि भरपूर दिले तर क्षार खाली झिरपतात. न्हाणीचे पाणी चालते. वॉशिंग मशीनचे पावडरमिश्रित पाणी नव्या लॉनला घालू नका.

आपल्या चुनखडीच्या जमिनीत आणखी एक गोष्ट हमखास दिसते. महिन्या-दीड महिन्याने कोवळी पाती पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. लोक नत्र कमी पडले समजून युरिया टाकतात आणि रंग काही बदलत नाही. ही लोहाची कमतरता. जमिनीत लोह असते, पण चुन्यामुळे मुळांना ते घेता येत नाही. फेरस सल्फेट लिटरला तीन ते पाच ग्रॅम, त्यात थोडे सायट्रिक ॲसिड, हे द्रावण संध्याकाळी पात्यांवर फवारावे; आठवड्याभरात फरक दिसतो. फवारताना फरशी आणि भिंती ओल्या करून झाकून घ्या. गंजाचे डाग पांढऱ्या फरशीवरून निघत नाहीत.

खत सुरुवातीला नको. जमीन तयार करताना कंपोस्ट दिले असेल तर पहिला महिना काहीही न देता जाऊ द्या. मुळे धरल्यावर १००० फुटांना अर्धा किलो युरिया, कोरड्या पात्यांवर सारखा फेकून, लगेच पाण्याने खाली धुऊन काढावा. ओल्या पात्यांवर चिकटलेला दाणा तिथे जाळतो. पहिली कापणीही मुळे धरल्यावरच, साधारण तिसऱ्या आठवड्यात. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नये; साडेचार सेंटिमीटर झालेले गवत तीनवर आणावे. आदल्या दिवशी पाणी बंद ठेवा, नाहीतर मशीनची चाके काळ्या चिखलात रुततात आणि तुकडे सरकतात. पाते धारदार हवे. चाऱ्याचे गवत कापायचे ब्रश कटर नव्या लॉनवर चालवू नका. ते पाती कापण्याऐवजी ओरबाडते आणि दोन दिवसांनी सगळे लॉन टोकांना पांढरे दिसते.

उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी हुमणीकडे लक्ष ठेवायलाच हवे. वळवाचा पहिला पाऊस झाला की संध्याकाळी भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंब-बाभळीवर जमतात, हॉटेलांच्या आणि कार्यालयांच्या दिव्यांवर झेपावतात आणि ओल्या मातीत अंडी घालतात. जुलैअखेरीस त्यांच्या अळ्या मुळे खाऊ लागतात. पाणी-खत सगळे ठीक असूनही लॉनचा एखादा चट्टा पिवळा पडला, हाताने ओढताच मुळांशिवाय वर आला, साळुंक्या आणि कावळे तिथे चोच मारू लागले, तर फूटभर जागा चार इंच खणून पाहा. इंग्रजी ‘सी’च्या आकारात वळलेल्या पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या दिसतील. भुंगेरे निघतात त्या दिवसांत रात्री झाडे हलवून ते वेचून रॉकेलमिश्रित पाण्यात टाकणे आणि अंगणातले दिवे लवकर मालवणे हा सर्वांत स्वस्त उपाय. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने उसातील हुमणीसाठी मेटारायझियम या मित्रबुरशीची शिफारस केली आहे. तीच लॉनसाठी चालते: हेक्टरी २० किलोच्या प्रमाणाने १००० फुटांना साधारण २०० ग्रॅम, चाळलेल्या शेणखतात मिसळून, जमीन ओली असताना. मुले ज्या गवतावर लोळतात तिथे जहाल कीटकनाशकांचा मोह टाळावा.

मंगल कार्यालय चालवणाऱ्यांसाठी दोन शब्द. नव्या लॉनवर पहिले तीन आठवडे पाय पडू नये, आणि मांडव दोन महिने नको. त्यानंतरही खुर्च्यांखालचे हिरवे मॅट दोन-दोन दिवस अंथरून ठेवू नका. उन्हात त्याखाली गवत उकडते. कार्यक्रम संपला त्याच रात्री ते उचलावे. आचाऱ्यांच्या शेगड्या, जनरेटर आणि खरकट्या पाण्याचे पिंप गवतापासून दूर हवेत. तेल आणि मिठाचे पाणी पडलेली जागा लगेच भरपूर धुवावी. लग्नाच्या आदल्या दिवशी पाणी देऊ नका. भिजलेली काळी माती शे-दोनशे माणसांच्या पायाखाली इतकी दाबली जाते की महिनाभर त्यात पाणी मुरत नाही. तशी दाबली गेलीच तर काट्याच्या फावड्याने चार-पाच इंच खोल भोके पाडून वर चाळलेले कंपोस्ट पसरावे, आणि पुढची तारीख निदान दोन आठवडे लांबची द्यावी.

पावसाळ्यात लावलेले आणि खोल मुळांचे सिलेक्शन वन पहिल्या मे महिन्यात पाणी तुटले तर पिवळे पडेल. त्याने घाबरून गावच्या पिण्याच्या टँकरवर डोळा ठेवू नका. दहा-बारा दिवसांनी एक खोल पाणी मिळाले, कापणी थांबवली आणि त्यावर कोणी चालले नाही, तर गाठी जिवंत राहतात आणि जूनच्या दोन चांगल्या पावसांनंतर पंधरा दिवसांत ते पुन्हा हिरवे होते.